रात्री प्रोजेक्शन सरकतं, हात एका खिडकीकडे आणि उजेड दुसऱ्या खिडकीत: दोष कुठे शोधायचा

इमारतीच्या दर्शनी भागावर प्रोजेक्टरनं चित्र टाकलेलं असतं आणि समोरच्या माणसाच्या हालचालीला ते प्रतिसाद देतं. संध्याकाळी सातला सगळं जागच्या जागी असतं. खिडकीभोवती फिरणारी प्रकाशरेषा खिडकीच्याच कडेनं फिरते, क्लायंटचा लोगो सज्जाखाली बरोबर मधोमध बसतो, समोर उभ्या माणसानं हात वर केला की त्याच्या पुढची खिडकी उजळते. साडेआठ-नऊच्या सुमाराला तीच रेषा खिडकीपासून चार बोटं बाजूला गेलेली दिसते आणि हात वर केला की शेजारची खिडकी पेटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुळवायचं, रात्री पुन्हा सरकायचं. इमारतीवरच्या इंटरॅक्टिव्ह प्रोजेक्शनमध्ये मला सगळ्यात जास्त विचारलं जातं ते याबद्दलच. गोव्यात मोकळ्या हवेतल्या कार्यक्रमांचा हंगाम नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवापासून तापतो आणि कार्निव्हालपर्यंत चालतो. या दिवसांत हे काम करणाऱ्या प्रत्येकाला हा त्रास एकदा तरी होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

उत्तराचा गाभा आधीच सांगतो. चित्र सरकलं की ऑपरेटर लॅपटॉपवर वार्पचे, म्हणजे चित्र ताणून इमारतीवर बसवायचे, बिंदू ओढायला लागतो. ते सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. चारांपैकी एक गोष्ट हललेली असते: प्रोजेक्टर ज्यावर बसवलाय तो टॉवर, लेन्स, माणसांची हालचाल टिपणारा सेन्सर किंवा व्हिडिओ सिग्नल. कोणती ते कळायच्या आत सॉफ्टवेअरमध्ये ओढाताण केली, तर मूळ कारण तसंच राहतं आणि दहा मिनिटांनी चित्र पुन्हा सरकतं. वर स्पर्शाचा, म्हणजे कुणी कोणत्या खिडकीकडे हात केला याचा, हिशेबही बिघडतो, कारण बहुतेकांनी तो त्याच वार्पला बांधलेला असतो. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

किती हललं की डोळ्याला दिसतं

एक साधा हिशेब करून बघू. इमारतीचा दर्शनी भाग २० मीटर रुंद, प्रोजेक्टर ३० मीटर लांब, म्हणजे १.५ थ्रो रेशोची (अंतर भागिले चित्राची रुंदी) लेन्स. प्रोजेक्टर १९२० बाय १२०० पिक्सेलचा असेल, तर भिंतीवर एक पिक्सेल साधारण १ सेंटिमीटरचा पडतो. आता प्रोजेक्टर फक्त ०.१ अंशानं कलला, तर ३० मीटरवर चित्र ५ सेंटिमीटर सरकतं. प्रोजेक्टरच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अर्ध्या मीटरचं अंतर धरा. मग ०.१ अंश म्हणजे एक पाय एका मिलिमीटरहूनही कमी खचणं.

"भाई, टॉवर घट आसा, हालना," असं मंडपवाला सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो. त्याचं काम वजन पेलायचं, आणि टॉवर ते चोख पेलतो. आपल्याला मिलिमीटरचा प्रश्न आहे, हे त्याला टॉवर उभा करायच्या आधी समजावून सांगायला हवं. चार तासांनी त्याच्यावर ओरडून काही मिळत नाही.

आधी फोटो, मग पाना

दोष शोधायची माझी पद्धत साधी आहे. जुळवणी पूर्ण झाली की चारही कोपऱ्यांजवळ आणि मध्यावर एकेक बारीक फुली प्रोजेक्ट करायची. ती इमारतीवरच्या पक्क्या खुणेवर बसवायची: खांबाचं टोक, कोरीव पट्टीचा कोपरा, गजाचं मूळ. मग तिवईवर पक्का बसवलेला कॅमेरा किंवा मोबाईल घेऊन फोटो काढायचा. ही तिवई प्रोजेक्टरच्या टॉवरवर मुळीच ठेवू नका. ती जमिनीवर, गर्दीपासून दूर हवी. त्यानंतर दर अर्ध्या तासानं, दोन प्रसंगांच्या मधल्या काळोखात, दोन सेकंद फुल्या दाखवून तोच फोटो पुन्हा घ्यायचा. प्रेक्षकांना ते कळतही नाही.

हे फोटो एकावर एक ठेवले की दोष स्वतःच बोलतो. पाचही फुल्या एकाच दिशेला जवळजवळ सारख्या सरकल्या असतील, तर प्रोजेक्टर किंवा टॉवर कलला आहे. मधली फुली जागेवर आणि कोपऱ्यातल्या थोड्या आत किंवा बाहेर गेल्या असतील, शिवाय कडा मऊ दिसत असतील, तर लेन्सकडे बघा. दोन प्रोजेक्टर वापरत असाल आणि मधल्या ब्लेंडच्या पट्ट्यात, जिथे दोघांची चित्रं एकमेकांवर येतात तिथे, दुहेरी प्रतिमा दिसत असेल, तर दोघांपैकी निदान एक हलला आहे. एकेक बंद करून कोणता ते बघा. फुल्या हळूहळू न सरकता एकदम उडी मारून गेल्या, तर तो सिग्नलचा घोळ आहे. आणि फुल्या जागच्या जागी असूनही हात चुकीच्या खिडकीला लागत असेल, तर प्रोजेक्टरला हातही लावू नका, सेन्सर तपासा.

या पाच लक्षणांमध्ये फरक न करता दुरुस्तीला लागणं, हीच या समस्येची खरी गोम आहे.

टॉवर

आपल्याकडची बहुतेक प्रकरणं इथेच संपतात. लाल मातीच्या मैदानावर किंवा किनाऱ्याजवळच्या वाळूत टॉवरचे पाय थेट टेकवले, तर दिवसभराच्या वजनानं ते खचतातच. प्रत्येक पायाखाली लोखंडी पाट आणि त्याखाली दोन पायांना जोडणारी जाड फळी हवी. चिऱ्यांच्या फरशीवर उभं करणार असाल, तर फरशी पोकळ वाजते का ते आधी ठोकून बघा. टॉवर आदल्या दिवशी उभा करा आणि प्रोजेक्टरच्या वजनाएवढी वाळूची पोती वर ठेवून रात्रभर बसू द्या. सकाळी सगळ्या बाजूंनी पाणसळ लावून मगच प्रोजेक्टर वर चढवा.

दुसरं कारण ऊन. हे कुणी फारसं मनावर घेत नाही, पण हिशेबात ते सरळ दिसतं. पोलाद तापलं की दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण १२ मायक्रोमीटर वाढतं. चार मीटर उंच टॉवरचे उन्हातले पाय सावलीतल्या पायांपेक्षा २० अंशांनी जास्त तापले, तर ते जवळजवळ एक मिलिमीटर लांब झालेले असतात. पायांत दोन मीटरचं अंतर असेल, तर तेवढ्यानं ३० मीटरवरचं चित्र दीड सेंटिमीटर हलतं. सूर्य मावळला, सगळे पाय सारखे थंड झाले, की टॉवर आपल्या मूळ जागी येतो आणि चित्र तेवढंच उलट सरकतं. म्हणून पश्चिमेच्या बाजूला जुनी ताडपत्री टांगून सावली करा. ताडपत्री टॉवरला नव्हे, वेगळ्या बांबूंना बांधा.

कारण टॉवरला बांधलेलं कापड शिडासारखं वारा धरतं. समुद्राकडचा वारा सूर्यास्तानंतर पडतो आणि रात्री उशिरा जमिनीकडून उलटा वाहू लागतो. दुपारी एका बाजूनं ताणून घेतलेले दोर तेव्हा सैल पडतात. दोर चारही बाजूंना हवेत, सारख्या ताणाचे हवेत, आणि ओल धरून आखडणाऱ्या-सैलावणाऱ्या सुंभाचे नकोत. टॉवरच्या प्रत्येक उभ्या चौकटीत तिरपा टेकू बसवा. प्रोजेक्टरच्या वायरी सरळ लोंबकळू देऊ नका; टॉवरच्या दांडीला पकडून, थोडी ढील ठेवून खाली आणा. जाड पॉवर केबलचा ताण प्रोजेक्टरचं मागचं टोक खाली खेचतो. जनरेटर टॉवरपासून लांब आणि वेगळ्या जमिनीवर ठेवा. आणि कार्यक्रम सुरू झाला की वर कुणीही चढायचं नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही.

टॉवर घट्ट व्हावा म्हणून तो जुन्या घराच्या कठड्याला किंवा भिंतीला दोरानं आवळणारे लोक बघितले आहेत. हे कधीच करू नका. चुन्याच्या गिलाव्याला असला ताण सोसत नाही. एका रात्रीच्या जाहिरातीसाठी शंभर वर्षांच्या भिंतीचा टवका उडाला, तर तो परत त्याच रंगाचा, त्याच पोताचा होत नाही. आपण ज्या इमारतीच्या रूपावर पोट भरतो, तिला खिळा आणि दोर लावायचा नाही, एवढं तरी आपण पाळायला हवं.

कलणं वेगळं, सरकणं वेगळं

दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये होईल की टॉवरवर चढावंच लागेल, हे इथून ठरतं. प्रोजेक्टर जागेवरच थोडा कलला किंवा वळला, तर चारही कोपरे ओढून चित्र पूर्ण जुळवता येतं. पण प्रोजेक्टर आहे त्या जागेवरूनच बाजूला किंवा खाली गेला, तर तसं होत नाही. पुढे आलेला सज्जा आणि मागची भिंत प्रोजेक्टरपासून वेगवेगळ्या अंतरावर असतात, त्यामुळे दोन्हींवरचं चित्र वेगवेगळ्या मापानं सरकतं. भिंत जुळवली की सज्जा चुकतो, सज्जा जुळवला की भिंत.

गोव्यातल्या जुन्या घरांवर हे ठळक दिसतं, कारण पुढे आलेला बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), त्याचे खांब आणि मागचं दार यांत दीड-दोन मीटरचं अंतर सहज असतं. सपाट पांढऱ्या भिंतीवर जो दोष लपून गेला असता तो इथे उघडा पडतो.

मूळचे नाशिकचे रमेश रास्कर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००१ साली 'शेडर लॅम्प्स' नावाचं संशोधन मांडलं होतं. पांढऱ्या, साध्या वस्तूवर प्रोजेक्टरनं रंग आणि पोत चढवायचा, ही त्यातली कल्पना. त्यासाठी प्रोजेक्टरला उलट्या कॅमेऱ्यासारखं वागवून वस्तूच्या संदर्भात त्याची नेमकी जागा आणि कोन आधी शोधून काढावे लागतात. आज आपण इमारतींवर जे करतो त्याची गणिती मुळं तिथे आहेत. प्रोजेक्टरची जागा हा त्या गणिताचा पाया आहे. पाया हलला की वरची कितीही कसरत अपुरी पडते. तेव्हा फोटोत भिंत आणि सज्जा वेगवेगळे सरकलेले दिसले, तर वेळ न घालवता प्रोजेक्टर मूळ जागी आणा. त्यासाठी पहिल्या दिवशीच त्याच्या पायांभोवती टॉवरच्या फळीवर मार्करनं रेघा मारून ठेवलेल्या असायला हव्यात.

लेन्स

मोठ्या प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत फोकस करायच्या आधी किमान अर्धा तास चाचणी चित्र चालू ठेवायला सांगितलेलं असतं. ते पाळणारे थोडेच. थंड लेन्सवर जुळवणी केली, की ती तापल्यावर चित्र बदलणारच. डिसेंबरात पणजीत सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी मावळतो आणि उघड्यावरचे लाऊडस्पीकर दहाला बंद करावे लागतात, त्यामुळे सगळ्यांनाच घाई असते. पण प्रोजेक्टर तापायला अंधाराची गरज नाही. पाचलाच चालू करा, भिंतीवर काही दिसत नसलं तरी चालेल, आणि अंधार पडल्यावर अखेरची जुळवणी करा. मोटरवर चालणारी लेन्स असेल आणि प्रोजेक्टर वर किंवा खाली तोंड करून बसवला असेल, तर लेन्स स्वतःच्या वजनानं ओघळते. लेन्स पक्की करायचे स्क्रू असतात, ते लावलेले आहेत का बघा.

डिसेंबर-जानेवारीत फोंडा, सत्तरीकडे रात्री दंव पडतं. एसी गाडीतून काढलेली लेन्स दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प धरतं. लोगोभोवती धुरकट वलय दिसू लागलं की लोक फोकस फिरवतात. फोकस ठीक असतो. कोरडं, मऊ कापड आणि दहा मिनिटांची सबुरी एवढंच लागतं.

एकदम उडी मारणारं चित्र

वीज क्षणभर गेली आणि आली, की दोन गोष्टी होऊ शकतात. काही प्रोजेक्टर पुन्हा चालू होताना लेन्स मूळ स्थितीला नेऊन ठेवतात. किंवा एचडीएमआय सिग्नल तुटून परत आला की विंडोज पडद्यांचा क्रम बदलून टाकतो आणि डावा प्रोजेक्टर उजव्याचं चित्र दाखवू लागतो. पहिल्यावर इलाज म्हणजे प्रोजेक्टरमध्ये लेन्सची स्थिती जतन करून ठेवणं. दुसऱ्यावर, संगणक आणि केबल यांच्या मध्ये ईडीआयडी, म्हणजे पडद्यानं संगणकाला दिलेली स्वतःची ओळख, धरून ठेवणारं छोटं उपकरण. ते स्वस्त आहे, आणि त्याविना इमारतीसमोर उभंच राहू नका. संगणक यूपीएसवर हवाच.

हात एकीकडे, उजेड दुसरीकडे

आता इंटरॅक्टिव्ह भाग. इथला मूळ दोष बहुतेक वेळा रचनेतच असतो. सेन्सरला माणूस दिसतो, तिथून त्याची जागा थेट प्रोजेक्टरच्या पिक्सेलमध्ये मोजलेली असते. मग रात्री चित्र सरकलं म्हणून वार्प बदलला, की चित्र जुळतं पण स्पर्श जुन्या पिक्सेलवर अडकून राहतो. याऐवजी मध्ये इमारतीचा आराखडा ठेवा: समोरून दिसणारं सपाट चित्र, एक सेंटिमीटरला एक एकक, म्हणजे आपल्या उदाहरणात रुंदीला २००० एककं. सेन्सरनं मोजलेली जागा या आराखड्यावर आणायची, सगळं डिझाईन या आराखड्यावर करायचं, आणि आराखडा प्रोजेक्टरपर्यंत नेणारा वार्प हा वेगळा, शेवटचा टप्पा. रेझोल्यूम अरेना या प्रोजेक्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये इनपुट आणि आउटपुट वेगळे ठेवलेत ते यासाठीच. टचडिझायनर किंवा मॅडमॅपर या सॉफ्टवेअरमध्येही हे करता येतं. सेन्सरकडून नेटवर्कवरून येणारे ओएससी पद्धतीचे संदेश आराखड्याच्या आकड्यांत यायला हवेत. असं केलं की प्रोजेक्टर हलला तर फक्त शेवटचा टप्पा बदलायचा, सेन्सर हलला तर फक्त पहिला. मधल्या डिझाईनला कुणी हात लावत नाही.

साधा कॅमेरा वापरला असेल, तर त्याला माणसांबरोबर प्रोजेक्शनही दिसतं. मग चित्रातली हालचालच चित्राला चेतवते आणि कुणी समोर नसताना खिडक्या लागतात-विझतात. त्यासाठी ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड (डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या उजेडाचा) दिवा आणि कॅमेऱ्यावर तेवढाच पट्टा आत सोडणारा फिल्टर लावा. लेझर प्रोजेक्टरच्या प्रकाशात त्या पट्ट्यात फारसं काही नसतं, त्यामुळे कॅमेऱ्याला चित्र दिसेनासं होतं आणि फक्त माणसं उरतात. मात्र हॅलोजनच्या दिव्यांत इन्फ्रारेड भरपूर असतं. मंडपातला एखादा हॅलोजन किंवा जुन्या गाडीचा हेडलाईट वळणावर कॅमेऱ्याकडे आला की सगळी गणना विस्कटते. मावळतीचं ऊनही तेच करतं. उजेड असताना केलेलं सेन्सरचं कॅलिब्रेशन (जुळवणी) म्हणूनच रात्री भरवशाचं नसतं.

पहिल्या पिढीतल्या किनेक्टची (व्हिडिओ गेमसाठी आलेल्या, अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याची) सवय झालेले लोक अजून इमारतीसमोर तसलाच खोली मोजणारा कॅमेरा लावतात. त्याची भरवशाची कक्षा चार-साडेचार मीटरची. चौकातल्या गर्दीला ती पुरत नाही. भिंतीच्या खालच्या पट्ट्यावर हातानं स्पर्श करायचा असेल, तर भिंतीला समांतर फिरणारा लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) बरा. तो गुडघ्याएवढ्या उंचीवर असला की कुत्री आणि मुलं दोन्ही सारखीच मोजली जातात, हे लक्षात घ्या. इन्फ्रारेड दिव्याजवळ किडे जमतात, त्यांच्यामागून पाली येतात, नारळाच्या झावळ्या हलतात. अमुक आकाराहून लहान आणि सलग तीन फ्रेम न टिकणारी हालचाल मोजायचीच नाही, असा नियम घातला की यातलं बरंचसं गळून पडतं. झावळी चौकटीत येतच असेल, तर कॅमेरा हलवा, झाड तोडायला सांगू नका.

दुसरं, स्थिर उभा माणूस थोड्या वेळानं 'नाहीसा' होतो. पार्श्वभूमी शिकत राहणारं सॉफ्टवेअर त्याला भिंतीचाच भाग समजू लागतं. शिकण्याचा वेग कमी करा, किंवा रिकाम्या चौकाची पार्श्वभूमी एकदा घेऊन गोठवा. सेन्सरपासून संगणकापर्यंत वाय-फाय नको, केबल टाका. मैदान रिकामं असताना वाय-फाय छान चालतं, पण माणसांच्या शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं आणि गर्दी जमली की संदेश गळू लागतात. हात आणि उजेड यांत सेकंदाचा दहावा हिस्सा गेला तरी लोकांना ते जाणवतं. मग ते पुन्हा हात हलवतात आणि दोनदा चेतवतात. तेव्हा जुळवणी बिघडली आहे असं वाटतं, खरा दोष विलंबाचा असतो.

डिझाईन करणाऱ्यांसाठी

हे आधी वाचलं असतं तर अर्धा त्रास वाचला असता, असं मला पुष्कळदा सांगितलं जातं, म्हणून क्लायंटबरोबरच्या पहिल्या बैठकीतच बोला. खिडकीच्या कडेवर एका पिक्सेलची पांढरी रेषा मागू नका. ती एक सेंटिमीटर हलली तरी शंभर लोकांना दिसते. रेषेऐवजी खिडकीच्या आतला भाग भरा आणि कडेपासून पाच सेंटिमीटर आत थांबा. लोगो कोरीव पट्टीला टेकवून बसवू नका, मोकळ्या भिंतीवर ठेवा. दोन खिडक्यांच्या मधला पट्टा स्पर्शाला मुका ठेवा, म्हणजे थोडा फरक पडला तरी शेजारची खिडकी पेटत नाही. शिंपल्यांची तावदानं असलेल्या खिडक्या आणि काच यांवर मजकूर कधीच नको. आणि पणजीतल्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या पिवळ्या-निळ्या-लाल भिंतींवर ब्रँडचा रंग जसाच्या तसा उमटणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगा. २०,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २५० चौरस मीटरवर पसरला की जागेवर दर चौरस मीटरला ८० ल्युमेन, म्हणजे ८० लक्स पोचतात. चिऱ्याची उघडी लाल भिंत त्यातला बराचसा गिळते, चुना लावलेली पांढरी भिंत परत देते.

स्पर्शाचा नेमकेपणा ज्यावर अवलंबून नाही अशी कल्पनाही करता येते. २००१ मध्ये राफाएल लोझानो-हेमर या कलाकारानं रॉटरडॅमच्या चौकात जमिनीवरच्या प्रखर दिव्यांनी इमारतीवरची व्यक्तिचित्रं पुसून टाकली होती. लोक दिव्यांसमोरून गेले की त्यांच्या सावल्यांमध्ये ती चित्रं उघडी व्हायची. तिथे हात आणि उजेड जुळवायचा प्रश्नच उरत नाही, सावली स्वतःच स्पर्श होते. नरकासुर आणि शिगम्याच्या मिरवणुका बघत वाढलेल्या आपल्या लोकांना भिंतीएवढ्या सावलीचा खेळ सांगावा लागणार नाही. एखाद्या क्लायंटनं एवढं धाडस करावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

वीज गेल्यावर चालू करायचा क्रम

आधी प्रोजेक्टर, आणि लेन्स जतन केलेल्या स्थितीला आली का ते पाहणं. मग संगणक, पडद्यांचा क्रम तपासून. मग फुल्या दाखवून सातच्या फोटोशी तुलना. फुल्या जुळल्या तरच सेन्सर चालू करा. त्यानंतर एका माणसाला डावीकडून उजवीकडे सावकाश चालायला लावा आणि प्रत्येक खिडकी त्याच्यासमोरच लागते का बघा. सगळ्यात शेवटी आवाज सोडा. सेन्सर आधी चालू केला, तर तो रिकाम्या, अर्धवट उजळलेल्या चौकाचीच पार्श्वभूमी शिकतो आणि पुढचा तास ती चूक निस्तरण्यात जातो.